थापी धरता येते, शिकवता येतं का?

वीस मिनिटं मिळाली आहेत, त्यातली पाच माझी ओळख करून देण्यात गेली. असो. विषय रुक्ष आहे: इंग्लंडमधल्या फर्दर एज्युकेशन, म्हणजे एफई कॉलेजांतल्या (शाळेनंतर मुख्यतः कामधंदा शिकवणाऱ्या) शिक्षकांची पात्रता आणि नोंदणी. आपल्या मंडळातली बहुतेक मुलं ए-लेव्हल्सच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या वाटेने जातात, त्यामुळे ही कॉलेजं तुम्ही बसच्या खिडकीतूनच पाहिली असणार. पण बॉयलर दुरुस्तीला येणारा मुलगा बहुधा तिथूनच शिकून येतो. एरवी आपल्याला त्याचा मास्तर आठवत नाही. बॉयलर गळायला लागला की आठवतो.

आमच्या कॉलेजात गवंडीकाम शिकवायला एक गृहस्थ थेट साइटवरून आले. तिथल्या वर्कशॉपात सिमेंट नसतं, वाळू-चुन्याचा मसाला असतो. भिंत बांधायची, मार्क द्यायचे, पाडायची आणि तोच मसाला पुन्हा कालवायचा. सप्टेंबर 2007 पासून नियम होता की नव्या शिक्षकाने पहिल्या वर्षात प्राथमिक सर्टिफिकेट घ्यायचं आणि पाच वर्षांत क्यूटीएलएस ही पूर्ण पात्रता मिळवायची. त्या सर्टिफिकेटची इंग्रजी आद्याक्षरं PTLLS, म्हणून सगळे त्याला ‘पेटल्स’, म्हणजे पाकळ्या म्हणायचे. पुढचे दोन कोर्स ‘केटल्स’ आणि ‘डेटल्स’. हसा, हसा. आम्ही मीटिंगमध्ये हे गंभीर चेहऱ्याने बोलायचो.

तर पेटल्समध्ये आपल्याच सहकाऱ्यांना पंधरा मिनिटं शिकवून दाखवायचं असायचं. हे गृहस्थ गालिचा घातलेल्या वर्गात मसाल्याची बादली घेऊन आले. खाली कचऱ्याच्या काळ्या पिशव्या पसरल्या. विद्यार्थी कोण, तर एक अकाउंट्सवाले, केशकर्तन शिकवणाऱ्या बाई आणि मी. माझा मसाला विटेवर कमी आणि बुटांवर जास्त पडत होता. ते काही बोलले नाहीत. माझं वर उचललेलं कोपर दोन बोटांनी खाली दाबलं, आणि पुढच्या खेपेला मसाला सरळ रेषेत पडला. शेरा काय मिळाला? ‘अध्ययनाची उद्दिष्टं फळ्यावर लिहिली नाहीत.’ वर कोल्ब नावाच्या शिक्षणतज्ज्ञाच्या अध्ययनचक्रावर, म्हणजे अनुभवातून माणूस कसा शिकतो यावर, निबंध! शाळा सोडल्यावर त्यांनी बिलापलीकडे काही लिहिलं नव्हतं.

टाळ्या नकोत, कारण गोष्ट इथे संपत नाही. त्यांच्या वर्गातला एक मुलगा मापं सतत चुकवायचा. हे त्याला आळशी म्हणायचे. त्याला नकाशावरचे आकडेच नीट वाचता येत नाहीत, हे त्यांना त्याच पेटल्समुळे कळलं. म्हणजे निबंध फुकट होता, प्रशिक्षण फुकट नव्हतं. आपल्याकडे आयटीआयच्या निदेशकांसाठी असाच वर्षभराचा सीआयटीएस कोर्स आहे. चुनाभट्टीला तो चालतो, मुंबईकरांना ठाऊक असेल.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुद्दा पळवतो.

पात्रतेची सक्ती 2001 ची. 2007 मध्ये तिला इन्स्टिट्यूट फॉर लर्निंग या शिक्षकांच्या व्यावसायिक संस्थेकडची नोंदणी आणि पूर्णवेळ शिक्षकाला वर्षाला 30 तासांचं प्रशिक्षण जोडलं. आधी वर्गणी सरकार भरायचं. 2011 मध्ये ती शिक्षकांच्या खिशावर आली. 68 पौंडांचा प्रस्ताव होता, ओरड झाल्यावर 38 झाले, तरी यूसीयू या शिक्षकांच्या संघटनेने बहिष्कार घातला. 2012 मध्ये सरकारने नेमलेल्या लिंगफील्ड समितीने सक्तीच नको म्हटलं. सप्टेंबर 2013 ला नियम रद्द झाले आणि पुढच्या वर्षी ती संस्थाही बंद पडली. माझं म्हणणं एवढंच की नोंदणी आणि पात्रता एकाच गाठोड्यात बांधायला नको होती. लोक वर्गणीवर चिडले आणि पात्रतेची अटही त्यात वाहून गेली. शेजारच्या वेल्समध्ये 2015 पासून एफईच्या शिक्षकांना नोंदणी सक्तीची आहे, आणि तिथे कॉलेजं काही ओस पडली नाहीत.

इंग्लंडमध्ये आता कोणती पात्रता मागायची हे कॉलेज ठरवतं. तेव्हा तुमच्यातल्या कुणा इलेक्ट्रिशियनला शिकवायला यायचं असेल, तर मुलाखतीतच विचारा: शिकवण्याच्या डिप्लोमाची फी कोण भरणार, आणि तो होईपर्यंत आठवड्याचे किती तास कमी करणार? उत्तर लेखी घ्या. चला, चहा.