पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या रविवारच्या कट्ट्यावर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादून.)

नमस्कार. कट्ट्यासाठी विषय विचारायला फोन आला तेव्हा मी म्हणालो, "पोकर." पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग मी सांगितलं की पोकर कसा जिंकावा हे सांगणार नाही, कारण ते मलाच येत नाही. एका हरलेल्या स्पर्धेची मी पुढचे तीन आठवडे घरी बसून उलटतपासणी केली, तिच्याबद्दल बोलेन. तेव्हा परवानगी मिळाली.

आधी एक खुलासा. आपल्या राज्यात ऑनलाइन पोकर २०१३ च्या नोव्हेंबरपासून कायदेशीरपणे सुरू आहे. भारतात मात्र पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला. तेव्हा आज ऐकलेलं पुण्यातल्या भाच्याला फोनवर शिकवत बसू नका.

मी खेळतो त्या प्रकाराचं नाव हॉर्स. घोड्याशी संबंध नाही, पाच खेळांची ती आद्याक्षरं आहेत. होल्डेम सगळ्यांना माहीत असतो, टीव्हीवर दिसतो तो. दुसरा ओमाहा, त्यातही वरचा-खालचा, म्हणजे पॉटचा, डावात सगळ्यांनी लावलेल्या चिप्सच्या ढिगाचा, अर्धा भाग सगळ्यात चांगल्या हाताला आणि अर्धा सगळ्यात लहान हाताला. तिसरा रॅझ, चौथा सात पानांचा स्टड आणि पाचवा तोच स्टड, पण पुन्हा अर्धा-अर्धा, त्याला 'एट ऑर बेटर' म्हणतात. आमच्या स्पर्धेत दर दहा मिनिटांनी खेळ बदलतो. म्हणजे तुम्ही मेंढीकोट खेळताय, दश्शा पकडताय, आणि मध्येच कोणी ओरडतो, "आता झब्बू!" पानं तीच, माणसं तीच, पण आत्तापर्यंत हवीशी वाटणारी पानं आता नकोशी.

लास व्हेगासच्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये २००६ साली पन्नास हजार डॉलर प्रवेश फीची हॉर्स स्पर्धा पहिल्यांदा झाली. १४३ जण उतरले आणि चिप रीस नावाचा खेळाडू जिंकला. पुढच्याच वर्षी तो गेला, आणि आज त्या स्पर्धेच्या ट्रॉफीला त्याचं नाव आहे. गंमत बघा. पाच खेळांत कोण सर्वांत पक्का हे ठरवायला स्पर्धा घेतली, आणि टीव्हीवाल्यांसाठी शेवटचं टेबल फक्त होल्डेमवर खेळवलं! दहावीला सगळे विषय घ्यायचे आणि बोर्डात पहिला कोण हे भूगोलावरून ठरवायचं, त्यातला प्रकार. सुदैवाने रीस भूगोलातही हुशार निघाला.

माझी स्पर्धा पन्नास हजारांची नाही, पन्नास डॉलरची. रविवारी रात्री चौऱ्याण्णव जण होते, बक्षिसं पहिल्या बारांना, मी तेविसावा. लॅपटॉप मिटला आणि वहीत तीन वाक्यं लिहिली. पहिलं: रॅझमध्ये नशिबाने मारलं. दुसरं: ओमाहा मस्त चालला. तिसरं, होल्डेममध्ये एक्का-राजा असून बाहेर गेलो, त्यावर अर्धं पान. ती वही आज आणली आहे, पण दाखवणार नाही, कारण त्या अर्ध्या पानाची भाषा या सभागृहात चालणार नाही.

ऑनलाइन खेळाची एक सोय असते. प्रत्येक डावाची फाइल तयार होते. कोणाला कुठलं उघडं पान आलं, कोणी किती लावले, कोणी टाकून दिलं, ओळीने सगळं. दुसऱ्या दिवशी मी ती वाचायला घेतली आणि अर्ध्या तासात लक्षात आलं की मी वाचत नाहीये, पुरावे गोळा करतोय. शेवट माहीत असला की प्रत्येक ओळ त्या शेवटाकडेच बोट दाखवते. म्हणून बायकोला बसवलं. ती पोकर खेळत नाही, ब्रिज खेळते, आणि माझ्यापेक्षा बरीच वरच्या दर्जाचं. तिने फाइल वाचायची, माझा निर्णय आला की थांबायचं, आणि मी सांगायचं की आता काय करेन. पुढची ओळ मला दिसता कामा नये.

रॅझचा तो डाव सांगतो. रॅझमध्ये सगळं उलटं. सात पानांतली सगळ्यात लहान पाच ज्याची, तो जिंकतो. एक्का सगळ्यात लहान, आणि पानं ओळीने आली तरी त्याचा तोटा नाही. प्रत्येकाला सुरुवातीला दोन पानं झाकलेली आणि एक उघडं, मग एकेक करत चौथं, पाचवं, सहावं उघडं, सातवं पुन्हा झाकलेलं. टेबलवर आठ जण. माझ्याकडे पंजी-छक्की झाकलेली, सत्ती उघडी. एका भिडूकडे दुर्री उघडी, त्याने वाढवलं, मीही तेवढेच लावले. बाकी सहा जणांनी डाव टाकला. चौथं पान मला अठ्ठी, त्याला चौकी. त्याने लावले, मीही तेवढेच लावले. पाचवं पान मला नव्वी, त्याला राजा.

झालं! माझा हात पुरा. पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी. त्याच्यासमोर हा भला थोरला राजा. पाचव्या पानापासून पैज दुप्पट होते, मी आठशे लावले. त्याने सोळाशे केले. समोर राजा पडलेला असताना! मी चोवीसशे केले, त्यानेही तेवढे लावले. सहाव्याला त्याला छक्की, मला गुलाम. सातव्याला उघडलं तर त्याच्याकडे झाकलेला एक्का आणि तिर्री, म्हणजे एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, छक्की. नशिबाने मारलं, असं वहीत.

बायको पाचव्या पानाशी थांबली आणि विचारलं, "बाकीच्या सहा जणांची काय पानं होती?"

मी म्हणालो, "ते तर गेले होते ना."

"अरे, गेले, पण जाताना एकेक पान दाखवून गेले की."

मला त्या सहातलं एकही आठवेना. एक कारण खरं आहे, एखाद्याने डाव टाकला की ऑनलाइनवर त्याचं पान स्क्रीनवरून नाहीसं होतं. पण ब्रिजवाल्या माणसाला हे कारण सांगायची सोय नाही. तेरा पत्ते कुठे गेले हे ती भाजी चिरता चिरता सांगते. फाइलमध्ये सहा पानं होती: राजा, राणी, आणखी एक राणी, गुलाम, दश्शी आणि एक तिर्री.

आता हिशेब करू, सोपा आहे. आम्हा दोघांची मिळून दहा पानं, गेलेली सहा, म्हणजे कॅटमध्ये आमच्या दृष्टीने छत्तीस उरली. त्याच्याकडे एक्का-दुर्री-तिर्री-चौकी आहेच. त्याला पंजीपासून नव्वीपर्यंत कुठलंही एक पान पुरे, कारण माझी नव्वी म्हणजे सगळ्यात रांगडी नव्वी, खाली अठ्ठी-सत्ती-छक्की-पंजी, आणि त्याची नव्वीसुद्धा माझ्या नव्वीला खाते. अशी पानं किती? प्रत्येकी चार, त्यातलं एकेक माझ्याकडे, म्हणून तीन पंचे पंधरा. गेलेल्या सहांत त्यांतलं एकही नाही. मोठीमोठी पानं गेलेली, कॅट लहान पानांनी भरलेला. दोन्ही वेळा त्याचं पान चुकण्याची शक्यता: छत्तिसात एकवीस, गुणिले पस्तिसात वीस. गुणून बघा, नेमकी एक तृतीयांश येते. म्हणजे तीनातल्या दोन वेळा त्याला हवं ते पान मिळणार. माझाही हात पुढच्या दोन पानांत सुधारू शकतो, तो धरून कॅल्क्युलेटरला विचारलं, तर शंभरात साठ डाव त्याचे.

म्हणजे राजा दाखवून वाढवणारा तो माणूस वेडा नव्हता. मागे मी होतो. हात "पुरा" झाला या एका शब्दाने मला मारलं. त्याचे झाकलेले दोन पत्ते मला दिसत नव्हते हे खरं, पण दुर्री दाखवून सगळ्यांच्या आधी वाढवणाऱ्याकडे झाकलेली काय असणार, दोन राण्या? आणि सहाव्या पानाला त्याला छक्की आल्यावर मी आणखी सोळाशे दिले, तेव्हा तर माझ्या हाताला जिंकायला पानच उरलं नव्हतं. आमच्या घरात आता हा वाक्प्रचार झालाय. कढी फुटली, कुकरची शिट्टी झालीच नाही, की बायको म्हणते, "पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी."

इथे ब्रिजवाल्यांचा हेवा वाटतो. डुप्लिकेट ब्रिजमध्ये तोच डाव प्रत्येक टेबलवर खेळला जातो. चार इस्पिकांऐवजी पाच मागितले असते तर काय, हे शेजारच्या टेबलाचा कागद सांगतो. पोकरमध्ये माझा डाव जगात फक्त मीच खेळलेला असतो, तुलनेला दुसरं टेबल नाही. होल्डेमसाठी आता सॉल्व्हर नावाचे प्रोग्राम आहेत, तासन्‌तास गणित करून उत्तर देतात. स्टडच्या घराण्याला तेवढी साधनं नाहीत. तिथे वही, फाइल आणि ब्रिज खेळणारी बायको.

ओमाहा "मस्त चालला" होता. तिथे तर फाइल उघडायचाही माझा विचार नव्हता, पण तिने उघडली. टेबलवर, सगळ्यांना सामाईक, तिर्री, सत्ती, अठ्ठी, राजा, राणी. माझ्याकडे एक्का-दुर्री, म्हणजे लहान हात याहून चांगला होऊच शकत नाही. उरलेली दोन गुलाम-दश्शी, मोठ्या हाताला निरुपयोगी. आम्ही तिघे. शेवटच्या पानावर मी लावले, एकाने वाढवले, दुसऱ्याने आणखी वाढवले, मीही वाढवून मर्यादा गाठली. प्रत्येकाने आठशेच्या चार पैजा टाकल्या. उघडलं, पॉटमधून चिप्स माझ्याकडे आल्या, हिरव्या अक्षरांत माझं नाव. मस्त.

फाइल काय म्हणते? दुसऱ्या भिडूकडेही एक्का-दुर्रीच होती. तिसऱ्याकडे तीन राजे. म्हणजे वरचा अर्धा त्या राजांना, खालचा अर्धा आम्हा दोघांत, मला पाव. तिघांनी आठशे टाकले की चोवीसशे होतात, त्यातला पाव म्हणजे सहाशे. आठशे देऊन सहाशे घेत होतो, असं चार वेळा, आणि शेवटची वाढ तर मी स्वतः आनंदाने केली होती. आधीचा पॉट मोठा होता म्हणून एकूण आकडा अधिक दिसला. दोघं एवढ्या उत्साहाने वाढवतायत, मोठा हात काही दोघांकडे नसणार, मग एकाकडे माझीच पानं आहेत, एवढं सुचायला हवं होतं. न वाढवता नुसते समोरच्यांइतकेच लावत राहायचं होतं. हरलेला डाव निदान ठणकतो, त्यामुळे माणूस तिथे बघतो तरी. हा डाव मी पुढच्या रविवारी जसाच्या तसा खेळलो असतो.

आणि एक डाव वहीत नव्हताच. रॅझ संपून स्टड सुरू झाला, त्याचा पहिला डाव. मला राजा उघडा, एक राजा झाकलेला, म्हणजे स्टडमध्ये झकास हात. मी टाकून दिला! दहा मिनिटं राजाला घाबरून काढलेली, हात आपोआप गेला. डावाच्या सुरुवातीला सगळ्यांनाच द्याव्या लागतात त्यापलीकडे एकही चिप गेली नाही, म्हणून दुःख नाही, म्हणून आठवण नाही. मग मी बदलांच्या आसपासचे सगळे डाव पुन्हा वाचले. त्या रात्रीच्या माझ्या खुणा केलेल्या नऊ चुकांपैकी पाच चुका खेळ बदलल्यावरच्या पहिल्या दोन डावांत होत्या. आता मी स्क्रीनच्या कडेला पिवळी चिठ्ठी लावतो आणि खेळ बदलला की मोठ्याने नाव घेतो. "स्टड!" मुलगी वरून विचारते, "कोण?"

अर्धं पान लिहिलेला तो एक्का-राजाचा डाव? फाइलमध्ये आठ ओळींचा. चिप्स संपत आल्या होत्या, एक्का-राजा आला, सगळ्या लावल्या, समोर नव्वीची जोडी, ती टिकली. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "यात काय विचारायचंय?" काहीच नव्हतं.

एवढंच. प्रश्न असतील तर घेतो.

(पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या एका काकूंचा होता: "त्या ओमाहात तिघांऐवजी तुम्ही चौघे असता तर?")

काकू, चौघे असतो तर बत्तीसशे, त्याचा पाव आठशे. दिले तेवढेच परत, ना नफा ना तोटा. पाचवा आला असता तर वाढवणं बरोबर होतं. आणि दोघेच उरलो असतो, त्याच्याकडे मोठा हात आणि वर माझ्यासारखीच एक्का-दुर्री, तर सोळाशेचा पाव, चारशे. काकू, तुम्ही नक्की कुठे खेळता?