हापशाचा पाना कुणाकडे?

अध्यक्षांनी मला 'सेवारचनेतले तज्ज्ञ' म्हटलं. बायको सभागृहात नाही ते बरं. घरातला नळ तीन महिने गळतोय.

विषय दिलाय 'सामाजिक बदलासाठी सेवांची रचना'. मी हापशापासून सुरुवात करणार. मराठवाड्यातल्या माणसाला दुसरीकडून जमत नाही, आणि हापसा तर आपल्या जालन्याचा. साठच्या दशकातल्या दुष्काळात बोअर पडल्या, पण त्यांवरचे बिडाचे पंप विलायती घाटाचे, एका कुटुंबापुरते. अख्खं गाव त्यावर तुटून पडलं की दांडा हातात! जालन्याच्या मिशनवाल्यांनी आणि मग सोलापूरकरांनी मजबूत, साखळीचा पंप केला. त्यावरून सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारनं 'इंडिया मार्क टू' घडवला. तो पुढं आफ्रिकेत गेला. जगात सोलापूरची फक्त चादरच गेली असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तर मी नवा नवा कामाला लागलो तेव्हाची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, कचेरीचंही नाही. पेन्शन अजून चालू आहे. एक हापसा दोन महिने बंद. नुसती खडखड, पाणी नाही. बिघाड काय, तर खालचं कातडी वायसर झिजलेलं. ग्रामसेवकानं अर्ज केला. तो परत आला, शेरा: 'पंप क्रमांक नमूद नाही.' नंबर होता हो, पंपावर रंगवलेला. पण कुणाच्या तरी लग्नात वऱ्हाड येणार म्हणून पोरांनी पंपाला हिरवा ऑइलपेंट दिला होता, वर हळदकुंकू. मी नखानं रंग खरवडत बसलो. शेजारी घागर घेऊन एक आजी उभी. म्हणाली, "नंबर सापडला की तोच भरू का रांजणात?"

हसताय, पण गावात मोटारी दुरुस्त करणारा एक पोरगा होता. त्याला काम येत होतं. त्याच्याकडं पाने नव्हते आणि परवानगी नव्हती. पाने तालुक्याला, कुलपात. किल्ली ज्याच्याकडं तो रजेवर... बरं, चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत.

मुद्दा पळत सांगतो. मार्क टू दणकट, पण वायसर बदलायचं तर सगळे पाइप वर ओढा. तिपाई आणा, माणसं आणा, म्हणजे तालुक्याची गाडी आलीच. म्हणून मार्क थ्रीत पाइप जाड केला, वायसरासकट दट्ट्या त्यातूनच वर निघतो. मलावी-केनियात घडलेला आफ्रिदेव पंप त्याच विचाराचा: दुरुस्ती गावातच व्हावी. उत्तर प्रदेशातल्या बांद्यात तर बायकाच हापसे दुरुस्त करायला शिकल्या. पण सुटा भाग बाजाराच्या दुकानात मिळत नसेल, तर शिकून काय उपयोग? देणगीदारांनी शेजारच्या दोन गावांत दोन जातीचे पंप बसवले की एकाचं वायसर दुसऱ्याला चालत नाही. पंप दिसतो, त्याचा फोटो निघतो. सुट्या भागांच्या दुकानाचं उद्घाटन करायला कोण येतो?

दक्षिण आफ्रिकेतून निघालेल्या प्लेपंपाचं बघा. मुलं चक्रावर खेळतील, पाणी आपोआप वर चढेल! 2006 मध्ये अमेरिकेतून त्याला लाखो डॉलर जाहीर झाले. मुलं खेळून कंटाळली, की म्हाताऱ्या बायकांनी ते चक्र ढकलायचं. त्यांना आधी कुणी विचारलं होतं का?

दुसरी चिठ्ठी. थांबतो. हापशाचा एक पाना आणलाय, इथं टेबलावर ठेवतो. चहाला जाताना उचलून बघा. जड आहे, पायावर पाडू नका.