केमोआधी बीजकोशाचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

तिशीतल्या बाईला स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो सांगितली की एक प्रश्न हल्ली हमखास येतो. ‘पुढे मूल होईल की नाही, हे जनुकीय तपासणीत आधीच कळेल का?’ आज तरी नाही. पण काही जनुकं ऐन वेळी उपयोगी पडतात, आणि कोणती कशासाठी, याचा घोळ फार होतो.

मुलीच्या बीजकोशात जन्मतः १० ते २० लाख बीजं असतात. पाळी येईपर्यंत ३–४ लाख उरतात आणि पुढे त्यात भर पडत नाही. सायक्लोफॉस्फमाइड हे केमोतलं औषध या साठ्याला सगळ्यात जड जातं. मात्र शिरेतून जाताना ते निष्क्रिय असतं, यकृतातली एन्झाइम्स त्याला जागं करतात. त्यांपैकी एकाचं जनुक म्हणजे सीवायपी-२सी-१९. ल्युपस या आजारात हेच औषध देतात. तिथे या जनुकाचं मंद रूप असलेल्या स्त्रियांचे बीजकोश जास्त टिकलेले दिसले. मग ही तपासणी सगळ्यांची का करत नाहीत? कारण औषध जागं करायला इतर एन्झाइम्सही हातभार लावतात, आणि कॅन्सरच्या रुग्णांमध्ये निष्कर्ष एकसारखे येत नाहीत. बाईचं वय आणि औषधाचा एकूण डोस यांचं पारडं आजही जड आहे.

दुसरं जनुक ब्रॅका-१. ते पेशीतला तुटलेला डीएनए सांधतं. ते सदोष असेल तर बीजांचा साठा थोडा कमी असू शकतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण रिपोर्टचा खरा उपयोग वेगळा. ब्रॅका-१ सदोष निघालं तर ३५ ते ४० या वयात, मुलं झाल्यावर, बीजकोशाचा कॅन्सर टाळायला बीजकोश काढून टाकायचा सल्ला देतात. म्हणजे मूल होण्याची मुदत केमोपलीकडेही ठरलेली असते.

आता एक फसवी जागा. घरात कुणाची पाळी चाळिशीच्या आत गेली असेल, किंवा एखाद्या मुलाला बौद्धिक अपंगत्व असेल, तर एफएमआर-१ जनुक तपासावं. त्यात डीएनएची तीच तीन अक्षरं ५५ ते २०० वेळा पुन्हा पुन्हा आली असतील, तर साधारण पाचातल्या एकीचे बीजकोश चाळिशीआधीच थकतात, केमो न घेताही. कॅन्सरच्या नेहमीच्या जनुक-पॅनेलमध्ये, म्हणजे अनेक जनुकांच्या एकत्र तपासणीत, या पुनरावृत्ती मोजल्या जात नाहीत. पॅनेल ‘नॉर्मल’ आलं म्हणून एफएमआर-१ची तपासणीही झाली, असं धरू नका. तिचं नाव चिठ्ठीवर वेगळं लिहून घ्या.

केमोआधी करायचीच ती तपासणी साधी आहे: रक्तातलं एएमएच, म्हणजे बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन. पाळीच्या कुठल्याही दिवशी चालतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी आकडा खाली येतो, पीसीओएसमध्ये (बीजकोशात बऱ्याच छोट्या गाठी दिसणारा हार्मोनचा विकार) फुगतो, आणि केसा-नखांसाठी घेतलेलं जास्त डोसचं बायोटिन काही मशिनांना चकवतं. हे तिन्ही लॅबवाल्याला आधी सांगा. जोडीला सोनोग्राफीत दोन्ही बीजकोशांतल्या छोट्या फॉलिकल्सची, म्हणजे बीजांच्या पिशव्यांची, मोजणी.

वेळेचं गणित इथे मोडतं. जनुकांच्या रिपोर्टला बहुधा तीन-चार आठवडे लागतात. बीजं गोठवायला मात्र दोन आठवडे पुरतात, आणि पाळीची वाट पाहावी लागत नाही, बीजं वाढवायची इंजेक्शनं कधीही सुरू होतात. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर असेल तर सोबत लेट्रोझोल देतात, म्हणजे इस्ट्रोजेन चढत नाही. बीजं पक्व करणाऱ्या शेवटच्या ‘ट्रिगर’ इंजेक्शननंतर ३४ ते ३६ तासांत बीजं काढतात, पुढे ती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये राहतात. तेव्हा रिपोर्टसाठी थांबू नका. बायोप्सीचा कागद हातात आला की त्याच आठवड्यात वंध्यत्वतज्ज्ञांना भेटा.

बीजकोशाचं काम तात्पुरतं थांबवणाऱ्या गोसेरेलिनचं ३.६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन केमोच्या आठवडाभर आधी पोटाच्या त्वचेखाली देतात, मग दर चार आठवड्यांनी. त्याने बीजकोशाला बराच आधार मिळतो, पण बीजं गोठवण्याची जागा ते घेत नाही.

केमो चालू असताना एएमएच जवळजवळ शून्यावर येतं. तेव्हा मोजून घाबरण्यात अर्थ नाही, संपल्यावर वर्षभराने बघा. आणि पाळी थांबली म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनची गर्भनिरोधक गोळी नको. निरोध किंवा कॉपर-टी, डॉक्टरांना विचारून.