गच्चीवरची वायर कापण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. पाऊस ओसरला की आपल्या गोव्यात डिचोली-साखळीपासून पेडण्यापर्यंत सोलरवाल्यांचे फोन वाजू लागतात. कुणाकडे नवा एसी आलेला असतो, कुणाचा वरचा मजला उभा राहिलेला असतो. विचारायचं एकच असतं: आहे त्या सोलरला आणखी दोन पॅनल जोडले, तर वॉरंटी जाईल का?

आधी कुठली वॉरंटी ते पाहा. पॅनलवर साधारण १० ते १२ वर्षं वस्तूची आणि २५ वर्षं वीजनिर्मितीची हमी असते. इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या पेटीची वेगळी, बहुधा ५ ते १० वर्षांची. आणि ज्याने बसवलं त्याच्या कामाची तिसरी. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतून बसवलं असेल, तर ५ वर्षं देखभाल त्याच्याच गळ्यात असते. ओळखीचा वायरमन परस्पर गच्चीवर चढवलात, की सर्वांत आधी हात झटकतो तो हा तिसरा.

आता पॅनलच्या पाठीकडे वळू. तिथे काळी डबी असते, जंक्शन बॉक्स. तिच्यातून दोन वायरी निघतात आणि टोकांना एमसी फोर कनेक्टर, म्हणजे एकमेकांत खटकन बसणारे सोलरचे प्लग असतात. वायर पुरत नाही म्हणून ती कापली किंवा डबी उघडली, की पॅनलची हमी बहुतेक संपलीच. फ्रेमला नवं भोक पाडलं तरी तेच. आणि खरं तर कापायची गरजच नसते. दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेली जोडवायर मध्ये घालायची. कनेक्टर मात्र त्याच कंपनीचा आणि त्याच जातीचा. दोन कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, ‘टक्’ असा आवाजही येतो, पण आतला संपर्क कच्चा राहतो. जोड तापतो, कधी वितळतो. आपल्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर घडतं. म्हणून वायरही सोलरचीच घ्या, ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरची, कल्हई केलेल्या तांब्याची. घरकामातून उरलेली वायर पिळून वर टेप गुंडाळणं म्हणजे छत्रीच्या भोकाला कागद चिकटवणं.

हे मी इतकं ताणून सांगतो त्याला कारण आहे. घरातल्या एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला विझायला वाव मिळतो. पॅनलची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने सलग वाहणारी. तिची ठिणगी पेटली की पेटलेलीच राहते. चालू सिस्टिमचा कनेक्टर कधीही ओढू नका. आधी इन्व्हर्टर बंद करा, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच. तरीही ऊन असेपर्यंत पॅनलच्या वायरीत व्होल्टेज असतंच.

पुढे हिशेब. ५५० वॅटच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही जोडलेलं नसतानाचं व्होल्टेज, ५० च्या आसपास असतं. सहा एका रांगेत, एकापुढे एक जोडले, म्हणजे ३०० व्होल्ट, बारा म्हणजे ६००. अनेक घरगुती इन्व्हर्टर ५५० किंवा ६०० वरच थांबतात, आणि डिसेंबरच्या गार पहाटे व्होल्टेज आणखी चढतं. मर्यादा ओलांडून इन्व्हर्टर जळला, तर कंपनी दाद देत नाही. व्होल्टेजची नोंद त्याच्या पोटातच असते. जुन्या कमी वॅटच्या रांगेत नवा मोठा पॅनल घातलात, तर प्रवाह जुन्याच्या मापाने वाहतो आणि नव्याचे पैसे वाया. इन्व्हर्टरला दुसरा एमपीपीटी इनपुट, म्हणजे वेगळी रांग स्वतंत्रपणे सांभाळणारी जोडणी असेल तर नवे पॅनल तिथे द्या. रांगा समांतर जोडून तीन झाल्या, तर प्रत्येकीला फ्यूज लागतो. जास्तीत जास्त किती अँपिअरचा, ते पॅनलच्या पाठीवरच्या लेबलवर छापलेलं असतं.

नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर असेल, तर वाढीव क्षमतेसाठी वीज खात्याकडे नव्याने अर्ज करावा लागतो. तो टाळायचा मोह होतो, पण टाळू नका.

आणि काम सुरू करण्याआधी बसवणाऱ्याला आणि इन्व्हर्टरच्या कंपनीला ईमेल करा: सध्या किती पॅनल, कुठला मॉडेल, काय जोडायचंय. सोबत लेबलांचे फोटो. फोनवर ‘चलता, चलता’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना तेवढंच लिहून पाठवायला सांगा.