पाठमोरी रांग

[दृश्य: चित्रातला बर्फ. कॅमेरा स्थिर. पहिले दहा सेकंद निवेदन नाही.]

या चित्रात सैन्य शोधावं लागतं. आधी दिसतो तो बर्फ. मग बर्चच्या खोडाला टेकलेला एक तरुण सैनिक, पाय बर्फात पसरलेले. आणि सैन्य? ते पार मागे, क्षितिजाजवळ. पायी चाललेल्या माणसांची एक बारीक रांग, आपल्याकडे पाठ करून निघालेली.

[दृश्य: रांग, अगदी जवळून]

इथे थोडं थांबू. इतक्या जवळून पाहिलं की माणसं उरतच नाहीत, ब्रशने ठेवलेले गडद ठिपके उरतात. एकालाही चेहरा नाही. या चौकटीत चेहरा एकालाच मिळालाय, ज्याला सोडून सगळे पुढे गेले त्याला.

[दृश्य: हेलसिंकी, रेल्वे स्थानकासमोरचा चौक]

हेलसिंकीच्या मुख्य रेल्वे स्थानकासमोर अतेनेउम हे कलासंग्रहालय आहे. ‘बर्फातला जखमी योद्धा’ हे चित्र इथलं. युद्धाचं चित्र म्हटलं की भिंतभर कॅनव्हास डोळ्यांसमोर येतो. याची उंची ३९ सेंटिमीटर, रुंदी साठच्या आसपास. काखेत मारून नेता येईल एवढंच.

चित्रातला हिवाळा १८०८-०९ च्या युद्धातला. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होतं. फेब्रुवारी १८०८ मध्ये रशियाचं सैन्य सीमा ओलांडून आत शिरलं आणि ऐन थंडीत फिनिश पलटणी उत्तरेकडे, ओउलूच्या दिशेने मागे हटत गेल्या. पुढे कवी रूनेबर्ग यांनी या युद्धावर कविता लिहिल्या आणि तिथल्या घराघरांत ते सैनिक ओळखीचे झाले. शूर म्हणून, ताठ मानेने चालणारे म्हणून.

[दृश्य: लाकडी जिना, वरून खाली]

हे चित्र काढणाऱ्या हेलेन शेर्फबेकने मात्र चालू न शकणारा निवडला.

तिचा जन्म १८६२ चा, हेलसिंकीतला. चार वर्षांची असताना ती जिन्यावरून पडली आणि डावं कंबरेचं हाड मोडलं. ते नीट जुळलं नाही. शाळा नाही, खेळ नाही. अंथरुणाला खिळलेल्या या पोरीच्या हाती वडिलांनी कागद आणि पेन्सिली दिल्या. पुढे आयुष्यभर ती लंगडतच चालली. सगळे पुढे जाताना मागे राहणं कसं असतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नसणार. चित्रासमोर उभं राहिलं की मला तरी दुसरं काही सुचत नाही.

[दृश्य: कागदावर फिरणारी पेन्सिल]

तिची रेखाटनं चित्रकार आडोल्फ फोन बेकर यांच्या पाहण्यात आली आणि अकराव्या वर्षी फिनिश आर्ट सोसायटीच्या चित्रशाळेत तिला प्रवेश मिळाला, फी न भरता. तेराची होती तेव्हा वडील क्षयाने गेले. आई घरात भाडेकरू ठेवून संसार ओढू लागली. हेलेन चित्रं काढत राहिली. त्या काळी इतिहासातला प्रसंग रंगवणं हे सगळ्यांत वरच्या दर्जाचं काम मानलं जाई, आणि ते पुरुषांचंच असा समज होता. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचं दार तर मुलींना १८९७ पर्यंत बंद होतं.

[दृश्य: सैनिकाचा चेहरा, मग पुन्हा बर्फ]

आता हा बर्फ बघा. पांढरा म्हणावा तर पांढरा नाही; राखाडी, निळसर, मधूनच मळका. मागचं आकाशही त्याच फिकट रंगात विरत गेलेलं. पुढचा सैनिक आणि मागची रांग यांच्यामध्ये तिने काहीही ठेवलेलं नाही. ना धूर, ना मेलेला घोडा, ना फाटकं निशाण. सेनापती तर नाहीच. हे सगळं टाळायला हिंमत लागते, आणि १८८० साली ती एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीकडे होती.

त्याच वर्षी आर्ट सोसायटीने चित्र विकत घेतलं. सिनेटने, म्हणजे फिनलंडच्या तेव्हाच्या सरकारने, प्रवासवृत्ती दिली आणि शरद ऋतूत ती पॅरिसला निघाली. चित्रातलं ते युद्ध १८०९ च्या सप्टेंबरात, हामिनाच्या तहाने संपलं होतं. फिनलंड रशियाकडे गेलं.

[दृश्य: पूर्ण चित्र. वीस सेकंद. फक्त वाऱ्याचा आवाज.]