किल्ली शेजारी आहे

नमस्कार मंडळी.

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या बाजूला आमची कॉलनी होती. बहुतेक बिऱ्हाडं सरकारी नोकरांची. निम्मी आमच्यासारखी कोकणातली, निम्मी बदलीवर आलेली घाटावरची. शाळा, क्रिकेट, मांडवीचा समुद्र हे तिथल्या सगळ्याच मुलांचं होतं. मला सांगायचंय ते गच्चीबद्दल.

मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी सुरू झाली की सगळ्या बायका गच्चीवर जमत. फणसाचे पापड हे एकटीदुकटीचं काम नव्हे. कच्च्या फणसाचे गरे उकडायचे, मीठ-मिरची घालून उखळात कुटायचे, तेलाच्या हाताने लाट्या करायच्या आणि प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून वरून पाट दाबायचा. दाबायला आम्ही मुलं. मजुरी म्हणून खोबरेल तेलात बुडवलेली एकेक लाटी मिळायची. ती चव ज्यांना माहीत आहे, त्यांच्या तोंडाला आत्ता पाणी सुटलं असेल!

कोल्हापूरच्या काकू पहिल्या वर्षी फणस फोडायला बसल्या आणि कोपरापर्यंत चिकाने माखल्या. आजीने त्यांचे हात मांडीवर घेतले, खोबरेल चोळून चोळून सगळा चीक काढला. त्या दिवसापासून त्या आमच्याच. पुढे त्यांच्याकडून पांढऱ्या रश्श्याचं वाटण आमच्या घरात आलं, आणि आमची आमसुलं त्यांच्या डब्यात गेली.

गणपतीला कोकणातली बिऱ्हाडं आपापल्या गावी जात आणि कॉलनी रिकामी होई. काकूंचा गणपती मात्र कॉलनीतच असे. जाताना सगळ्यांच्या किल्ल्या त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. आम्ही परत येऊ त्या दिवशी ओट्यावर दूध तापवून ठेवलेलं असे.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली. त्याआधी आम्हाला मुंबई म्हणजे रात्रीची एसटी. आजोबांना उपचारासाठी न्यायची वेळ आली, तेव्हा आईने शेजारच्या काकांना सरळ सांगितलं, "भावोजी, तुम्ही सोबत चला." काका रजा टाकून गेले. आईला संकोच वाटला नाही, काकांना उपकार वाटले नाहीत. मला त्या कॉलनीचं सगळ्यात मोठं वैभव हेच वाटतं. तिथे माणसं मदत करत, आणि तितक्याच सहज मागतही.

थिबा पॅलेसवर आम्ही खूप हुंदडलो. ब्रह्मदेशाच्या ज्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं, तो १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. लहानपणी वाटायचं, केवढा मोठा वाडा! परदेशात आल्यावर मनात येतं, एवढ्या वाड्यात त्याला वाटीभर साखर मागायला शेजार होता का?

इथे आपण एकमेकांसाठी धावून जातो. आजारपणात डबे पोचवतो, विमानतळावर न्यायला जातो. पण मागायचं म्हटलं की जीभ अडते. बाळंतपणातही "आमचं आम्ही बघतो" म्हणणारी घरं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

नवीन आलेल्या कुटुंबांना म्हणून सांगते, माझा पत्ता आपल्या मंडळाच्या सचिवांकडे आहे. आधी फोन करायची गरज नाही. मुलाला दोन तास सोडायचं असेल, गावाला जाताना किल्ली ठेवायची असेल, तर बेल वाजवा. आणि पुढच्या महिन्यात माझं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तेव्हा आठवडाभर मला पोळ्या लागणार आहेत. कोण कोण देणार, ते चहाच्या वेळी सांगा.