एका मात्रेचा फरक

अमरावती जिल्ह्यातील एका गावातले हे घर आहे. दिवाळी होऊन गेली आहे. भाव वाढेल या आशेने वेचलेला कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवला आहे, आणि त्याच ढिगावर रेलून तीन मुले टीव्हीवर जपानी कार्टून पाहत आहेत. पडद्यावरची पात्रे हिंदी बोलतात आणि खेळताना ही मुलेही तीच हिंदी बोलतात. मूळ पात्राच्या तोंडी काय होते आणि डबिंगच्या खोलीत त्याचे काय झाले, हे त्यांना कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

नाओको ताकेउची यांच्या चित्रकथेवर आधारलेली ‘सेलर मून’ ही कार्टून मालिका जपानमध्ये १९९२ साली सुरू झाली. तिच्यातील झोइसाइट आणि कुन्झाइट हे दोन खलपुरुष एकमेकांवर प्रेम करतात. उत्तर अमेरिकेसाठी १९९५ साली तयार झालेल्या इंग्रजी आवृत्तीत झोइसाइटला स्त्रीचा आवाज देण्यात आला आणि तो स्त्री झाला. तिसऱ्या पर्वात मोटारींच्या शर्यतीत भाग घेणारी हारुका आणि व्हायोलिन वाजवणारी मिचिरू या एकमेकींच्या प्रेयसी आहेत. २००० सालच्या इंग्रजी आवृत्तीने त्यांना नात्यातल्या बहिणी ठरवले. चित्रे बदलणे अवघड असल्यामुळे त्यांच्या नजरा आणि त्यांची सलगी बरीचशी तशीच राहिली. मुलांना डोळ्यांनी एक दिसत होते आणि कानांनी दुसरेच ऐकू येत होते. मुलांना जपायचे म्हणून त्यांच्याशी खोटे बोलले गेले, असेच याला म्हटले पाहिजे. २०१४ पासून आलेल्या नव्या इंग्रजी डबिंगमध्ये ही नाती मुळाप्रमाणे ठेवण्यात आली, परंतु तोवर एक पिढी मोठी झाली होती.

असा बदल आपल्या भाषांमध्ये किती सहज होऊ शकतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जपानी क्रियापदावरून बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे कळत नाही. हारुका स्वतःसाठी ‘बोकु’ हे एरवी मुलगे वापरतात ते सर्वनाम वापरते आणि तेवढ्यातून तिचे वेगळेपण ऐकू येते. हिंदीत मात्र ‘जाता हूँ’ की ‘जाती हूँ’, हे जवळजवळ प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते. प्रमाण मराठीतही ‘जातो’ आणि ‘जाते’ यांच्यात एका मात्रेचाच फरक आहे. ती मात्रा बदलली की पात्र बदलते, आणि ते बदलल्याची खूण मागे राहत नाही.

याच घरातली आजी वावरात निघताना नातवंडांना “मी येतो रे” असे सांगून जाते. वऱ्हाडीत बायका स्वतःविषयी असेच बोलतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. शाळेच्या पुस्तकात मात्र ‘मी येते’ हेच शुद्ध असते.

भारतात चित्रपटाला प्रदर्शनापूर्वी प्रमाणपत्र घ्यावे लागते. टीव्हीवरील मालिकेला तसे प्रमाणपत्र लागत नाही. १९९४ च्या केबल नियमांमधील कार्यक्रम संहिता पाळण्याची जबाबदारी वाहिनीवर असते. त्यामुळे वाहिनीच्या आणि डबिंगच्या टेबलावर जे गाळले जाते, ते कोणी गाळले आणि का गाळले, हे प्रेक्षकाला समजत नाही. प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. जे गुन्हा नाही, ते मुलांपासून चोरून ठेवण्यासारखे का मानावे?

गावातल्या एका बावीस वर्षांच्या तरुणाला शाळेत ‘बायल्या’ म्हणून चिडवत असत. आपल्यासारखे दुसरे कोणी असते, हेच आपल्याला तेव्हा ठाऊक नव्हते, असे तो सांगतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मोबाइलवर हारुका आणि मिचिरूचे भाग मूळ जपानीत, खाली येणारी इंग्रजी अक्षरे सावकाश लावत, काही ठिकाणी थांबवून पुन्हा मागे नेत पाहिले. सातवीत शिकणारी बहीण शेजारी येऊन बसली.

“ह्या दोघी एकमेकीच्या कोन लागते?” तिने विचारले.

“त्याइचं एकमेकीवर प्रेम हाय,” तो म्हणाला.

“मंग पुढचा भाग लाव ना,” असे म्हणून ती कापसाच्या ढिगाला टेकून बसली.